दुसऱ्याच्या मापाची सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे आणि खरं सांगायचं तर मी चुकून जन्मले. रंगानं काळी, पुढे वेताची टोपली, मागे बोराएवढा लाल दिवा. रंग दोन ठिकाणी उडालाय. आणि दगडगोट्यांच्या रस्त्यावरून गेले की मी वाजते. आमच्या इटलीतल्या फेर्रारा गावात सकाळी धुकं एवढं दाट असतं की आपलाच हात आपल्याला दिसत नाही, पण मी येतेय हे लोकांना आधीच कळतं. "आली वाजणारी," असं म्हणून ते बाजूला होतात. सायकलीनं वाजावं ही काही मिरवायची गोष्ट नव्हे. तरी मी वाजते, आणि ते का, हे तुम्हाला सांगायचंय.

गावाच्या तटबंदीला लागून एका बोळात एर्मेस उस्तादांचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं ते आपलं कौतुकानं. एक लांबट खोली, एक शेगडी, नळ्या आवळून धरायचे दोन शेगडे आणि भिंतीभर कानशी टांगलेल्या. तिथे सायकली हातानं बनायच्या, एका वेळी एक, आणि त्याही गिऱ्हाइकाचं माप घेऊन, शिंपी सदऱ्यासाठी घेतो तसं. पाय किती, पाठ किती, हात किती हे मोजून मग पोलादी नळ्या कापायच्या. त्यांची टोकं सांध्याच्या टोप्यांमध्ये बसवायची, टाकणखार लावायचा आणि पितळ वितळवून सांधा झाळायचा. त्यामुळे आमच्याकडे माणूस नावापेक्षा मापानं लक्षात राहायचा. एका मयताला गेले असताना उस्ताद शवपेटीकडे बघत म्हणाले होते, "पाय लांब, पाठ आखूड. फार चांगला माणूस." आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

उस्ताद स्वभावानं फणसासारखे होते, पण काटे जरा जास्तच. तयार झालेली सायकल ते दोन्ही हातांनी कमरेइतकी उचलायचे आणि फरशीवर सोडून द्यायचे. चाकांवर आदळली की कान देऊन ऐकायचे. कुठे खुट्ट जरी वाजलं तरी सायकल परत आत. "वाजणारी सायकल आणि खोटं बोलणारा माणूस माझ्या दारातून बाहेर पडणार नाही," असं ते म्हणायचे. दुसरा नियम त्याहून कडक. ज्याच्या हातून सांगाडा चुकला, त्यानं तो विकायचा नाही, मोडायचाही नाही. त्यावर स्वतः बसून रोज कामाला यायचं. चूक काय आहे हे डोक्याला नाही कळलं तरी पाठीला कळतं, असं त्यांचं म्हणणं. स्वतः उस्तादसुद्धा कित्येक वर्षं एका तिरक्या सायकलीवर फिरले होते.

मला घडवलं ते निवेसनं. निवेस उस्तादांची सून. पो नदीकाठच्या खेड्यातून लग्न होऊन आली, आधी हौसेनं कानस धरली, मग झाळायला शिकली, आणि बघता बघता तिचा हात असा बसला की झाळल्यावर सांध्याला कानस लावायची गरजच उरत नसे. उस्ताद तिचं तोंडावर कधी कौतुक करत नसत. फक्त अवघड सांधा आला की तो गुपचूप तिच्या बाजूला सरकवायचे.

तिचा नवरा एलिओ, उस्तादांचा एकुलता एक मुलगा. ताडमाड उंच, आणि बोलायला लागला की थांबायचा नाही. दोघांचं घर तटबंदीबाहेर, कालव्याच्या पलीकडे. रोज सकाळी दोघं कालव्याकाठच्या वाटेनं सायकलवरून यायची, तो पाण्याच्या बाजूनं आणि ती शेताच्या बाजूनं, म्हणजे धुक्यात घसरलाच कुणी तर तो घसरेल. त्याची सायकल त्यानं स्वतः बनवलेली, देखणी. आणि निवेसची? तिच्या मावशीची जुनी, दुकानातून आणलेली, चेन सैल झालेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. एलिओ दर वर्षी म्हणायचा, "पुढच्या हिवाळ्यात तुझी बनवतो बघ." आणि दर हिवाळ्यात कुणीतरी घाईचं गिऱ्हाईक यायचं.

मग एका शरदात एलिओ गेला. कारखान्याच्या वर, उस्तादांच्या घरी दुपारी जेवताना उठला, पाणी आणतो म्हणाला आणि स्वयंपाकघराच्या दारात बसला तो बसलाच.

त्याची सायकल कारखान्याच्या दारात उभी होती. अंत्यविधीनंतर आठवडाही झाला नव्हता, आणि उस्तादांनी ती एका पोस्टमनला देऊन टाकली. पोस्टमन एलिओच्याच मापाचा होता. "उभी सायकल गंजते. जिला जो बसतो, त्याची ती," एवढंच ते म्हणाले. निवेसला त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती वेळेवर कामाला आली आणि तिनं शेगडी पेटवली.

हे सगळं मी नंतर ऐकलेलं. कारण तोवर मी भिंतीला टेकलेल्या चार-पाच नळ्याच होते.

पुढच्या वसंतात गेदिनी मास्तर आले. शाळेत भूगोल शिकवायचे, उंचीनं ठेंगणे, अंगानं गोल, आणि सगळ्या गावात लाडके. त्यांना शाळेत जायला सायकल हवी होती. माप निवेसनंच घेतलं. माप घेताना मास्तर गुदगुल्या झाल्यासारखे हसत होते, तीही बऱ्याच दिवसांनी जराशी हसली. मग तिनं मला बनवायला घेतलं. मित्रांनो, त्या दिवसांसारखे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत. ती नळी हातात घ्यायची, टोक घासायची, डोळ्यांशी धरून आरपार बघायची. काम करता करता गुणगुणायची. माझा एकेक सांधा तिनं असा झाळला की पितळ कडेला रेघेसारखं दिसत होतं. ती एवढ्या मायेनं मला का बनवते आहे, असा प्रश्न मला पडला नाही. ज्याला माया मिळते त्याला तो पडत नाही.

मास्तर घ्यायला आले, तेव्हा समोरच्या कॉफीवालीनं, लोरेत्तानं, सगळ्यांसाठी कॉफी आणली होती. मास्तर थाटात पुढे झाले. त्यांनी एक पाय टाकला, आणि तो टाकलेलाच राहिला. सीट त्यांच्या बरगडीला लागत होती.

"निवेसबाई," ते म्हणाले, "मी सायकल सांगितली होती. जिराफ नव्हता सांगितला."

लोरेत्ता खो खो हसली. "मास्तर, बसा हो! वरून तुम्हाला सगळा भूगोल दिसेल!"

निवेसही हसायला गेली, पण मध्येच थांबली. उस्ताद पुढे आले होते. त्यांनी वीत टाकत माझी उभी नळी मोजली. मग आडवी. मग पुन्हा आडवी, सावकाश. त्यांचा हात हँडलपाशी आला आणि तिथेच राहिला. टेप काढायची त्यांना गरज नव्हती. ते माप त्या घरात दोघांना पाठ होतं.

मी एलिओच्या मापाची होते.

कागदावर मास्तरांचे आकडे नीट लिहिलेले होते. पण नळ्या कापताना निवेसचे हात त्यांच्या सवयीच्या मापावर गेले होते, आणि तिला स्वतःला त्याचा पत्ताच लागला नव्हता. ती पांढरीफटक पडली. लोरेत्तानं रिकामे कप गोळा केले आणि मास्तरांना दंडाला धरून बाहेर नेलं. बाई तोंडाची फटकळ, पण तिला कुठे गप्प बसायचं ते कळायचं.

उस्ताद हँडलवरचा हात काढत म्हणाले, "मास्तरांसाठी दुसरी बनव. आणि ही..."

"माझी चूक आहे, बाबा," निवेस म्हणाली. "मी चालवीन."

अशी माझी चाकरी सुरू झाली. रोज सकाळी ती मला पायरीशी तिरकी करायची, स्कर्ट सावरत चढायची, आणि मग हात पुढे ताणून हँडल कसंबसं गाठायची. सीट अगदी खाली घातली तरी पायडल खाली गेलं की तिच्या पायाची फक्त बोटं टेकायची. उतरताना तर उडीच मारावी लागे. लोरेत्ता रोज दारातून विचारायची, "शिडी आणू का गं?" आणि निवेस म्हणायची, "आण, आणि वर कॉफीही आणून दे."

कालव्याकाठी मात्र ती शेताच्या बाजूनंच जायची. पाण्याकडची बाजू मोकळी सोडायची. तिथे धुकं असायचं, आणि ती कधीकधी त्या धुक्याकडे बघून हळूच काहीतरी सांगायची. आज अमुक गिऱ्हाईक येणार आहे, काल भोपळ्याचं सारण जरा गोडच झालं होतं, बाबांचा खोकला वाढलाय. मी ऐकायची. मला अभिमान वाटायचा की तिनं मला जवळ ठेवलं. रस्त्यात लोकही मला नावाजायचे; असे सांधे सबंध गावात कुणाच्या सायकलीला नव्हते. एकदा तो पोस्टमन एलिओच्या सायकलीवरून समोरून आला, तेव्हा निवेसनं मान फिरवून शेताकडे पाहिलं. ती भराभर पायडल मारत पुढे निघाली. तेव्हा मला वाटलं, बरं झालं, मी तरी आहे.

पण मी तिला त्रास देत होते, मित्रांनो. ते कळायला मला दुसरा हिवाळा उजाडावा लागला. ताणलेल्या हातांवर रोज अंगाचा भार, त्यात गोट्यांचे रस्ते. ती एका हातानं चालवायची आणि दुसरा हात झटकायची, मग हात बदलायची. संध्याकाळी घरी पोचल्यावर तिला किल्ली कुलपात घालता येईना. मला बोलता आलं असतं तर तिथल्या तिथे सांगितलं असतं की बाई, मला सोड. पण सायकलीला घंटी असते, जीभ नसते.

एके दिवशी ती एक सांधा झाळत होती. तिच्या हातून असा सांधा डोळे मिटूनही झाला असता. ज्योत एका जागी जरा जास्त रेंगाळली, पितळ उकळलं, टाकणखार काळा पडला आणि नळी करपली. जळका वास खोलीभर झाला. निवेस ज्योत बंद करून नुसती बघत राहिली.

"बोटं दाखव," उस्ताद म्हणाले.

"गारठलीत जरा."

"शेगडीशेजारी उभं राहून गारठतात? दाखव म्हटलं ना."

तिनं हात पुढे केला. उस्तादांनी आखणीची सुई उचलली आणि तिचं टोक तिच्या करंगळीला टेकवलं. निवेस त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"कळलं?"

"काय कळलं?"

उस्तादांनी सुई खाली ठेवली. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "किती दिवस?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता माझ्याकडे बोट केलं. "ही आजपासून बंद. बेकरीवाल्याचा भाऊ उंच आहे, त्याला देऊन टाकू."

"नाही द्यायची."

"अगं, हात जातील तुझे! या हातांवर हा कारखाना उभा आहे, समजतंय का तुला?" एवढ्या वर्षांत त्यांनी केलेलं हे पहिलं कौतुक, आणि तेही ओरडून.

"ज्याची चूक त्यानं चालवायची. नियम तुमचा आहे, बाबा."

"घाल चुलीत तो नियम!"

"मग तेव्हा का नाही घातला?" निवेस म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण फुटला होता. "त्याची सायकल देऊन टाकलीत तेव्हा? जिला जो बसतो त्याची ती, म्हणालात. मला विचारलं नाहीत. मातीसुद्धा ओली होती हो अजून."

उस्ताद स्टुलावर बसले. खोकला आला, तो जिरवला. मग म्हणाले, "दारात उभी असायची ती. रोज सकाळी खाली आलो की ती दिसायची, आणि वाटायचं, आला. रोज वाटायचं. मग आठवायचं." त्यांनी डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. "मला नाही सोसवलं, पोरी. तुला विचारायला हवं होतं. तुझंही तेच होत असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

निवेस त्यांच्याजवळ खाली फरशीवर बसली. शेगडीत कोळसे तडतडत होते.

उस्ताद तिच्याकडे बघत होते, आणि बघता बघता त्यांच्या कपाळाला आठी पडली, नळीत खोट दिसली की पडायची तशी.

"तुझं माप काय?" त्यांनी विचारलं.

"माझं?"

"हो, तुझं. पाठीचं. पायाचं."

निवेसनं खांदे उडवले. "माझं कुठे कुणी घेतलंय."

ज्या घराला गावातल्या मेल्या-जित्या माणसांची मापं पाठ होती, त्या घरात या बाईचं माप कुणी घेतलं नव्हतं. उस्ताद उठले. "भिंतीला लाग," ते म्हणाले. "जोडे काढ. सरळ उभी राहा, लाजू नकोस." म्हातारा गुडघ्यांवर बसला, पट्टी लावली, उठला, पाठ मोजली, हात मोजला. प्रत्येक आकडा मोठ्यानं म्हणत होता, विसरायचा नाही म्हणून. निवेस भिंतीला पाठ लावून उभी होती, आणि तिचे डोळे भरून येत होते.

मग दोघं माझ्याकडे वळली.

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? मी एलिओच्या मापाची होते, म्हणूनच मी कुणीतरी होते. कापल्यावर मी कोण उरणार? उस्तादांचंही तेच झालं असावं. करवत हातात घेऊन ते म्हणाले, "विचार कर. कापलेली नळी वाढत नाही. त्याचं म्हणून एवढंच राहिलंय."

निवेसनं माझ्या आडव्या नळीवर हात ठेवला. त्या हाताला मी कितपत जाणवले असेन कोण जाणे.

"दर वर्षी म्हणायचा, पुढच्या हिवाळ्यात तुझी बनवतो," ती म्हणाली. "हिवाळा आलाय, बाबा. कापा."

त्यांनी सांधे तापवले, पितळ पुन्हा वितळलं आणि मी सुटी झाले. उस्तादांनी नळ्या कापल्या. निवेसच्या बोटांचा भरवसा नव्हता, म्हणून झाळलंही त्यांनीच. ती शेजारी बसून ज्योत कुठे न्यायची ते सांगत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते कुणाचं तरी ऐकत होते. त्यांचे सांधे तिच्याइतके सुबक आले नाहीत. दोन ठिकाणी पितळ ओघळलेलं आहे. रंगाखाली ते अजून हाताला लागतं.

मी तयार झाले, तेव्हा निवेस म्हणाली, "आपटून नाही बघितली?"

"मी बनवलीय. मला ठाऊक आहे," उस्ताद घाईनं म्हणाले आणि वर निघून गेले. असं ते कधीच करत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी निवेस माझ्यावर बसली. पायरी नको, उडी नको. पाय पुरले, कोपर हलकंसं वाकलं, पाठ सैल झाली. "अगंबाई," ती एवढंच म्हणाली. कालव्याकाठची वाट मऊ मातीची. ती संपली, तटाचा दरवाजा ओलांडला, गोट्यांचा रस्ता लागला आणि मी वाजायला लागले. किण, किण, किण.

ती उतरली. घंटी दाबून धरली, मडगार्ड हलवलं, दिवा चाचपला. सगळं घट्ट होतं. मग तिनं मला उचलून उलटी केली, आणि माझ्या उभ्या नळीच्या पोटात काहीतरी सीटकडे घरंगळत आलं. तिनं सीट काढून आत बोट घातलं. बोटाला आडव्या नळीचा बारीकसा तुकडा लागला, अंगठीसारखा, कडा कानशीनं गोल केलेला. एलिओच्या मापातून जेवढं कापलं होतं, त्यातलं ते एक कडं उस्तादांनी माझ्यात टाकलं होतं.

रस्त्याच्या मधोमध ती उभी राहिली, आणि धुक्यात लोक तिच्या दोन्ही बाजूंनी घंट्या वाजवत जात होते. मग तिनं सीट परत बसवली आणि निघाली. कारखान्यात उस्ताद दाराकडे पाठ करून उगाचच काहीतरी घासत होते.

"बाबा, सायकल वाजतेय."

"वाजू दे," उस्ताद म्हणाले.

त्यांनी मान वळवली नाही. ती आत गेली, त्यांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि तिनं शेगडी पेटवली.

तिच्या बोटांत जाणीव यायला वसंत उजाडला. पोस्टमन भेटला की ती आता थांबू लागली. "चेनला तेल कोण घालणार, मी?" म्हणून त्याला दटावायची आणि स्वतःच घालायची. गेदिनी मास्तर म्हातारे होईपर्यंत उस्तादांना चिडवत राहिले, "काय उस्ताद, तुमच्या दारातून वाजणारी सायकल बाहेर पडते म्हणे?" आणि उस्ताद, ज्यांना उत्तर दिल्याशिवाय चैन पडत नसे, ते नुसते हसायचे. आता उस्तादही नाहीत. निवेसचे केस पांढरे झालेत. चढाव असला की ती उतरून मला हातानं नेते. आमच्या गावात चढाव तो केवढा, तटबंदीचा.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना जपायचं म्हणून भिंतीवर टांगू नका, आणि जपवत नाही म्हणून घाईनं दुसऱ्याच्या हवालीही करू नका. आम्हाला चालवा. माप चुकलं असेल तर धीर धरून कापा, पुन्हा जोडा. मी कापले गेले म्हणूनच आज कुणाची तरी आहे. एक दिवस घराच्या रिवाजाप्रमाणे मीही कुणाकडे तरी जाईन, निवेसच्याच मापाच्या कुणा बाईकडे. तिला माझं एवढंच सांगणं आहे. बाई, मला पुसत जा, चेनला तेल घाल, पावसात बाहेर ठेवू नकोस. गोट्यांच्या रस्त्यावर मी वाजले, तर कुणीही म्हणेल, दुरुस्त करून घे. दुरुस्त करू नकोस. आणि कालव्याकाठून जाताना पाण्याकडची बाजू थोडी मोकळी ठेव.